मोंढ्यातले सतरा हात

माणूस हा माणसाला धरून असतो. आजारी माणसाला तर आमच्या जालना जिल्ह्यात सगळेच धरून असतात, आणि ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

परंतु हल्ली रुग्णवाहिकेतून एक यंत्र येते. बंद पडलेले हृदय तपासून, विजेचा झटका द्यायचा की नाही, हे ते स्वतः ठरवते. मराठीत बोलते, वर ‘कृपया’ म्हणते. त्याचा हट्ट एकच: तपासताना रुग्णाला कोणी हात लावायचा नाही. (बनवणाऱ्यांना बहुधा नातेवाईक नसावेत.)

परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, कापसाच्या काट्यावरचे मापाडी पुंजाराम भरदुपारी कोसळले. श्वास बंद, नाडी बंद. रुग्णवाहिका चौथ्या मिनिटाला पोचली. तोवर उपचार जोरात चालू होते. कोणी तळपाय चोळत होते, कोणी दंड दाबत होते, एकाने नाकाला कांदा लावला होता. अंगावर एकूण हात सतरा. (विषम संख्या भागवत नावाच्या पोरामुळे; त्याच्या दुसऱ्या हातात मोबाईल होता.) छातीवर हात शून्य. नाजूक जागा, तिथे कोण हात लावणार?

डॉक्टर श्रद्धाताईंनी वाट काढून छाती दाबायला घेतली, यंत्राच्या पट्ट्या चिकटवल्या.

“कृपया रुग्णाला स्पर्श करू नका,” यंत्र म्हणाले.

“ऐकू न्हाई का आलं? सोडा की,” उजवा पाय धरून बसलेले कचरूमामा डाव्या पायवाल्याला म्हणाले.

“मी घरचा माणूस हाये.”

“मंग मी काय बाजारातून आल्तो? सख्खा मेव्हणा हाये.”

“हालचाल आढळली,” यंत्र म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून तपासू लागले. असे तीनदा झाले. दर वेळी ताई पुन्हा छाती दाबत. पुंजारामांचे ओठ निळे पडत चालले होते.

मग चालक राधेश्याम यांनी खिशातून कागद काढला.

“ज्याचा ज्याचा हात लागलाय, त्यानं नाव-गाव बराबर सांगा. पोलिसात जबाब द्यावा लागंल.”

पंधरा हात एकदम वर गेले. (यंत्राला हे तीन प्रयत्नांत जमले नव्हते.) दोन राहिले.

“लिहा,” त्या हातांची मालकीण म्हणाली. “द्वारकाबाई पुंजाराम. बायको हाये मी. मी न्हाई सोडीत.”

राधेश्याम तिच्याशेजारी उकिडवे बसले. “काकू, आत्ता सोडा. मंग जल्मभर धरा.”

तिने दोन्ही हात काढले. झटका बसला. ताईंनी पुन्हा छाती दाबली, आणि दोन मिनिटांनी नाडी लागली.

पुंजाराम आता पुन्हा काट्यावर बसतात. त्यांचा जीव आपणच वाचवला, असे सांगणारे मोंढ्यात आजमितीस चौतीस जण आहेत.

राहता राहिलात तुम्ही. छाती नेमकी कुठे आणि किती जोरात दाबायची, हे तुम्हाला येत असेलच. येत नसेल तरी घाबरू नका. तुमच्या घरच्यांनाही येत नसेल. पण तुम्ही पडाल तेव्हा तुम्हालाही कोणी सोडणार नाही.