देवीच्या नथींतील मोत्याची हकीकत

श्रीजगदंबा प्रसन्न असो. टाळ, झांज आणि मृदंग यांचा नाद जेथें खंडत नाहीं त्या देवीचे द्वारीं मस्तक ठेवून, श्रोते सज्जन यांस नमस्कार करून हकीकत लिहिली ऐसीजे. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरीं, मार्गशीर्षमासीं, एक राज्य होतें, त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथें राणी आईसाहेब राज्य करीत होत्या आणि देवीचे ठायीं त्यांची मोठी निष्ठा, आणि पौषांत देवीचें शाकंभरी नवरात्र बहुत थाटानें होत असे, आणि रिवाज ऐसा कीं अखेरचे दिवशीं हरिदासबुवांनीं कीर्तनांत देवीचे अलंकार मुकुटापासून पैंजणांपर्यंत एकेक वर्णावे आणि ज्याचें नांव निघेल त्याजकडे पाहून सर्वांनीं हात जोडावे. त्या सालीं पेटींतून नथ काढिली तों मधला थोरला मोती जागेवर नाहीं. तार झिजली होती, मोती कोठें गळाला तें कोणास कळेना. मग गाभारा झाडविला, निर्माल्य चाळविलें, आणि तरी मोती मिळाला नाहीं. तेव्हां आईसाहेब बहुत कष्टी जाहल्या आणि दरबारचे मोतीपारखी गिरमाजीपंत यांस बोलावून आज्ञा केली, "पंत, नवरात्राच्या आंत मोती आणा. बाकीच्या मोत्यांत शोभेल असाच आणा. देवीच्या नाकांत काचेचा मणी घालून मी हात जोडणार नाही."

गिरमाजीपंत वृद्ध, आणि कीर्तनाचें त्यांस वेड. मृदंगाजवळची जागा त्यांची, ती कोणी घेत नसे, आणि बुवांनीं आख्यान लाविलें म्हणजे पंत उपरण्यानें डोळे पुसावयास लागत, मग आख्यान हसण्याचें असो कीं रडण्याचें. मोत्याची पारख मात्र कोरड्या डोळ्यांनीं करीत. मोती हातीं आला म्हणजे उत्तरेच्या खिडकींत धरावा, निळ्या कापडावर लोळवावा, वेज म्हणजे त्याचें भोंक न्याहाळावें आणि मग दातांवरून हळूच घासावा. बारीक वाळूसारखा खरखरला तर पुढें बोलावें, काचेसारखा घसरला तर परत द्यावा. आणि आणिक एक चाल जव्हेऱ्यांच्या पेढ्यांवर पूर्वापार होती कीं मोती मनांत भरला तरी तोंडावर दिसूं देऊं नये, प्रथम ऐब काढावा, आणि जितका मोती चांगला तितका ऐब मोठा काढावा. विकणारेही हें जाणत. पारखी फारच नाक मुरडूं लागला म्हणजे त्यांस कळे कीं माल आवडला, आणि मग ते हसून आपल्या मालाची तारीफ करीत आणि सौदा मधोमध येऊन बसे.

परंतु त्या पेढ्या आतां कोठें राहिल्या होत्या. सगळा बाजार मोबाईल नामक यंत्रांत जाऊन बसला होता, तेथें मोत्याचें चित्र दिसे, मोती दिसत नसे. मग दफ्तराचे कारकून विसाजी यांनीं तें यंत्र हातीं धरिलें आणि पंत चष्मा लावून शेजारीं बसले.

"पंत, हा पाहा. अस्सल बसराई. एकावर एक फुकट."

"बसऱ्याचा मोती आणि एकावर एक? शिंपल्यांना जुळीं होऊं लागलीं काय रे?"

"लोकांनीं पांच चांदण्या दिल्या आहेत."

"कशाबद्दल दिल्या तें वाच."

विसाजी वाचते जाहले, "डबी सुरेख आहे, वेळेवर आली."

"मग डबी खरी म्हणायची. पुढें चल."

"हा दुधासारखा पांढरा आहे. सोबत खरेपणाचा दाखलाही देतात."

"माणसांच्या अंगावर वागलेला मोती इतका पांढरा राहत नाहीं. हा परवां कारखान्यांत जन्मला, आणि दाखला त्याच्या आधीं छापून झाला. पुढें चल."

ऐसें पुढें चलतां चलतां मार्गशीर्ष सरत आला आणि पंतांचा जीव कासावीस होऊं लागला. मग एके सकाळीं एक चित्र दिसलें तें अंधुक, कोण्या बाईच्या सुरकुतल्या तळहातावर तुळशीचें पान आणि पानावर मोती, रंग ताज्या लोण्यासारखा, एका बाजूस किंचित दबलेला. खालीं लिहिलें होतें कीं, 'सासूबाईंच्या नथीचा आहे. खरा की खोटा मला सांगता येत नाही. डबीत पडून मोती मरतो असं त्या म्हणायच्या, आणि आमच्या घरी आता नथ घालणारं कोणी उरलं नाही. नाकात घालणार असेल त्यानेच घ्यावा.' पंतांनीं तें विसाजींकडून दोनदां वाचून घेतलें आणि म्हणाले, "बाईशीं बोलणें करून दे. आणि दरबारचें नांव काढूं नकोस, देवीचें तर मुळींच नको. गिऱ्हाईक मोठें म्हटलें कीं माल आभाळाला जातो."

मग यंत्रांत बाईचें मुख दिसूं लागलें. नदीपलीकडील कसब्याच्या भिवराबाई त्या. त्यांनीं यंत्र लोणच्याच्या बरणीस टेकवून ठेविलें होतें. "दादा, कोणाच्या नाकात जाणार आहे? घरी सून आहे का?"

"तें पाहूं. आधीं जरा दातांवर घासा."

"पुढचे दात गेले हो माझे. दाढेवर चालेल?"

"चालेल."

भिवराबाईंनीं मोती दाढेवर घासला आणि म्हणाल्या, "रांगोळी चावल्यासारखं लागतंय." मग पंतांनीं वेज दाखविण्यास सांगितलें, तें हातानें पाडलेलें, नेमस्त, तारेनें कांठ गुळगुळीत जाहलेलें, आणि खिडकीचा उजेड पडतांच मोत्याच्या आंतून एक मंद तेज वर आलें, जैसें समईची वात सारिली असतां गाभारा उजळावा तैसें. पंतांचे अंगावर कांटा आला. नथींतील बाकीचे मोती आणि हा एकाच कुळींतले म्हणावे ऐसी जोडी. देवीनें आपला अलंकार आपण शोधिला ऐसें त्यांस वाटलें. आणि तेव्हांच जन्माची सवय पुढें झाली.

"हूं," पंत बोलिले. "रंग उतरला आहे. घाट दबका आहे. वेज झिजलें आहे. नथीचा माल नव्हे हा, बाई. असा मोती वैद्याच्या खलांत जातो, औषधाला."

विसाजी चमकून पाहूं लागले. भिवराबाईंनीं मोती तळहातावर घेऊन पुन्हां पाहिला. मग म्हणाल्या, "इतका वाईट आहे का हो?"

"आहे तें सांगितलें. तुम्हीं विचार करा, मग बोलूं."

"बरं झालं खरं सांगितलंत. मी उगाच जीव लावून बसले होते."

आणि यंत्रांतून मुख गेलें. पंत हात चोळीत म्हणाले, "आतां बाई तारीफ करील, मग आपण मान डोलवूं, आणि मोती आपला." परंतु भिवराबाई जव्हेऱ्याच्या गादीसमोर जन्मांत बसल्या नव्हत्या. त्यांचा निरोप येईना, आणि मग बाजारांतून तें चित्रच नाहींसें जाहलें, आणि यंत्र कितीही वाजविलें तरी कोणी उचलीना. तेव्हां पंत स्वतः सरकारी लाल गाडींत बसून कसब्यास गेले.

भिवराबाई अंगणांत तांदूळ निवडीत होत्या. ओळखून म्हणाल्या, "तुम्ही ते पारखी ना? या, बसा. फोन बिघडलाय मेला." आणि आंत जाऊन चहा घेऊन आल्या. पंतांनीं कप हातीं घेतला आणि विचारिलें, "मोती?"

"तुम्ही सांगितलंत तसं केलं. शेजारच्या यमुनेच्या आईला छातीत धडधड होते, वैद्यबुवा मोत्याचं औषध म्हणत होते. म्हटलं, नाकात नाही तर नाही, कोणाच्या अंगी तरी लागू दे. गुलाबपाण्यात खलून दिलं त्यांनी. खल फिरताना वाईट वाटलं हो मला, पण जाणत्या माणसाचा शब्द होता."

पंतांनीं कप खालीं ठेविला. उगी राहते तर कोणास कळतें ना, परंतु तें त्यांच्यानें झालें नाहीं. मग म्हणाले, "बाई, मोती उत्तम होता."

"मग तसं का म्हणालात?"

"आमच्यांत तशी चाल आहे. हवा असला कीं नांवें ठेवायचीं."

"ही कसली चाल," भिवराबाई म्हणाल्या. "आणि हवा कोणाला होता?"

"आमच्या देवीच्या नथीला."

तेव्हां भिवराबाईंनीं तांदुळांचें सूप बाजूस सारिलें. त्या म्हणाल्या, "एवढं सांगायचं होतंत. डबीसकट आणून पायावर ठेवला असता. देवाला का कोणी विकतं?"

पंत परत आले आणि आईसाहेबांचे पायांशीं सर्व निवेदन केलें, कांहीं झांकून ठेविलें नाहीं. आईसाहेब रागें भरल्या नाहींत, तें पंतांस अधिक लागलें. इतकेंच म्हणाल्या, "नथ तशीच घाला. देवीपासून काय लपवायचं आहे." आणि कसब्यास गाडी धाडून भिवराबाईंस नवरात्रास आणविलें.

मग पौष पौर्णिमेस, नवरात्राचे अखेरचे दिवशीं, कीर्तन जाहलें. बुवा गादीवर उभे राहिले, भाळीं बुक्का, हातीं चिपळ्या, आणि मुकुट वर्णिला, कुंडलें वर्णिलीं, आणि नथीपाशीं आले आणि थांबले. झांज थांबली, मृदंगावरचा हात तसाच राहिला. सर्वांनीं नथींतलें मोत्याचें मोकळें घर पाहिलें आणि तरी हात जोडिले. पंत त्या दिवशीं मृदंगाजवळ बसले नव्हते, खांबाआड बसले होते, आणि भिवराबाई जवळच होत्या.

त्या हळूच म्हणाल्या, "तिथेच बसला असता ना?"

"तिथेंच."

"शोभला असता?"

"बाई, तसा मोती मीं आयुष्यांत पाहिला नाहीं."

भिवराबाईंनीं पदर डोळ्यांस लाविला आणि म्हणाल्या, "हे त्या दिवशी म्हणायचं होतंत हो."

मग बुवांनीं पुढचा अलंकार घेतला आणि झांज वाजूं लागली.

एवंच, मोती खरा होता आणि बाई खरी होती. खोटा शब्द एक आणि तो पारखियाचा. यमुनेच्या आईची धडधड कमी जाहली, तेवढें देवीनें गोड करून घेतलें. पंत पुढें कोणाचाही मोती पाहतां प्रथम जें चांगलें तें सांगत, आणि विकणारे त्यांजवर विश्वास ठेवीत नसत. नथींतलें तें घर अद्याप मोकळें आहे. दर सालीं पौष पौर्णिमेस बुवा तेथें क्षणभर थांबतात. इतकें लिहून लेखणी खालीं ठेविली.