हवालदार घरतांची कप्पेदार बॅग

गस्तीची बॅग कशी असावी हे कळणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत एकच आहे, असं हवालदार हिरामण घरतांचं ठाम मत होतं. आणि तो माणूस त्या सकाळी आरशासमोर मिशीला कात्री लावत उभा होता!

"सुचिता," ते बायकोला म्हणाले, "आज जेट्टीवर साहेबांना बॅग दाखवायची हाय. त्यांना पटली का अख्ख्या ठान्याला हीच बॅग. मंग बेलापूरला मोठ्या साहेबांकडं. मंग..."

"मंग डबा ठेवलाव का त्यात?"

"डब्याला कप्पा नाय."

"सगल्याला कप्पा आन डब्याला नाय? मंग कसली बॅग ती!" असं म्हणून सुचिताने डबा कापडी पिशवीत घालून त्यांच्या हातात कोंबला.

हिरामण माणूस सोन्यासारखा. फक्त त्यांचं निम्मं चित्त कायम कुठेतरी फिरायला गेलेलं असायचं. एकदा तुर्भ्याच्या नाक्यावर वाहतूक थांबवायला त्यांनी हात वर केला आणि नेमका त्याच वेळी खाडीवरून रोहित पक्ष्यांचा थवा उडाला. गुलाबी, संथ, पहाटे दिसणाऱ्या स्वप्नासारखा. हात वरच राहिला. पक्षी दिसेनासे झाले, तरी ट्रक आपले उभेच! शेवटी एक सरदारजी खाली उतरून अदबीने विचारून गेले, "साहब, तबीयत ठीक है ना?"

अशा माणसाच्या जुन्या बॅगेत काय चालत असेल ते सांगायला नको. मेव्हण्याने दिलेली ती रेक्झिनची बॅग म्हणजे विहीरच होती. आत गेलेली वस्तू वर येईल तेव्हा येईल. गेल्या महिन्यात रिक्षास्टँडवर मारामारी जुंपली. हिरामणांनी धावत जाऊन बॅगेत हात घातला, शिट्टी तोंडात धरली आणि छातीभर हवा घेऊन फुंकली. आवाजच नाही! तोंडात होती सर्दीची नळी. भांडणारे दोघंही थांबले आणि एकाने काळजीने विचारलं, "हवालदारसाहेब, नाक चोंदलंय का?"

भांडण मिटलं. पण ठाण्यात आठवडाभर जो तो त्यांना वाफ घ्यायला सांगू लागला.

तेव्हापासून हिरामणांना ध्यास लागला. सुट्टीच्या दिवशी ते तुर्भ्याला बॅगा शिवणाऱ्या एका कारखान्यात जाऊन बसू लागले. शाळेच्या बॅगा बघितल्या, लॅपटॉपच्या बघितल्या, ट्रेकिंगच्या बघितल्या. एक पाठीवर टाकून ते आरशासमोर कितीतरी वेळ नुसते उभे राहिले. मालक म्हणाला, "साहेब, मुलगी बघायला गेलो तेव्हा मी एवढा वेळ घेतला नव्हता." अखेर त्यांनी स्वतः चित्र काढून बॅग शिवून घेतली. काळी, जाड कापडाची, आणि कप्पे तर विचारूच नका! कप्प्यात कप्पा, त्याच्या पोटात आणखी एक. शिट्टीचा वेगळा, टॉर्चचा वेगळा, बेडीचा वेगळा, पंचनाम्याच्या कागदांचा वेगळा. प्रत्येकाला चेन, प्रत्येकाला झडप.

बॅग घरी आली आणि हिरामणांच्या स्वप्नांनाही कप्पे पडले. झोपेत ते एकेक चेन उघडत. एकातून गार वारा यायचा, एकात चांदणं साठवलेलं असायचं, एकात लहानपणीचं मिठागर पांढरंशुभ्र चमकायचं. झोपेतच ते हसून म्हणायचे, "जागच्या जागी हाय सगलं!" आणि सुचिता कूस बदलायची.

त्यांच्यासोबत गस्तीला असे शिपाई संघमित्रा. परभणीकडची, हुशार पोरगी. मोटारसायकल तीच चालवायची, कारण हिरामण चालवायला बसले की गाडी समुद्राच्या दिशेने वळायची.

"दादा," जेट्टीवर उतरताना ती म्हणाली, "साहेब यायला अवकाश आहे. मी गाडीत हवा भरून येते. तुम्ही इथंच थांबा. आणि हे बघा, काही करू नका!"

"मी काय करनार?" हिरामण दुखावून म्हणाले.

ती गेली. उरणजवळच्या मोऱ्याच्या जेट्टीवर हिवाळ्यातलं धुकं अजून पाण्यावर पडून होतं. ओहोटी लागली होती. होड्या चिखलात कुशीवर झोपल्यासारख्या कलंडल्या होत्या. भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच पायऱ्यांशी हलके हलके डुलत होती. हिरामणांना वाटलं, साहेब यायच्या आत सगळं एकदा मांडून पुन्हा भरावं. त्यांनी ताडपत्री अंथरली आणि एकेक वस्तू रांगेत ठेवली. शिट्टी, टॉर्च, दोर, बेडी, प्रथमोपचाराची पेटी, रात्री चमकणारं जाकीट, रबरी हातमोजे. कडेला वायरलेस सेट. सगळ्यांच्या डोक्याशी रिकामी बॅग, राणीसारखी!

ते मागे सरून कठड्यावर टेकले. ऊन मऊ होतं. पाणी चुळूक चुळूक वाजत होतं. डोळे आपोआप मिटले.

समोर सगळं पोलीस दल उभं होतं. बेलापूरचे, तुर्भ्याचे, उरणचे, सगळे! हिरामण उंच मंचावर. खाली बॅगांचा डोंगर. लोक हात पुढे करत होते आणि हिरामण धुक्यातून, प्रेमाने, एखाद्या दानशूर राजासारखे म्हणत होते, "घ्या! घ्या! लाजू नका! प्रत्येकाला एक!"

अडचण इतकीच झाली, की हे ते मोठ्याने म्हणाले.

लाँच सुटायची वाट बघणारी सगुणा नावाची कोळीण सुक्या मासळीची पाटी घेऊन तिथून चालली होती. ती थबकली. ताडपत्रीवर मांडलेलं सामान बघितलं, खाकी वर्दी बघितली.

"वाटप हाय का रं दादा?"

"प्रत्येकाला एक!" हिरामण डोळे मिटून, मधाळ आवाजात म्हणाले.

"पोलिसांचं वाटप हाय गो! या, या!" सगुणाने हाळी दिली.

बघता बघता रांग लागली. आणि रांग कसली शिस्तीची! कुणी ढकललं नाही, कुणी दोन वस्तू घेतल्या नाहीत. एका बाईंनी हातमोजे घेतले, भांडी घासायला बरे म्हणून. एका गृहस्थांनी चमकणारं जाकीट तिथल्या तिथे अंगात घातलं आणि विचारलं, "फोटो कधी काढणार?" दोघा कॉलेजच्या मुलींनी बेडी उचलली आणि एकेक हात अडकवून सेल्फी घेतला. सगुणाने जरा विचार करून वायरलेस सेट उचलला. तिला तो रेडिओ वाटला.

लाँचचा भोंगा झाला तेव्हा हिरामणांच्या स्वप्नातला डीसीपी त्यांच्या गळ्यात हार घालत होता. भोंग्याने ते दचकून जागे झाले. समोर ताडपत्री होती. नुसती ताडपत्री! तिच्यावर एक चिमणी.

"ओ साहेब," रांगेतला शेवटचा माणूस नाराजीने म्हणाला, "आमच्या वेळेलाच कसं संपतं हो?"

बाकीचं सगळं विकत आणता आलं असतं. पण वायरलेस सेट! सेट हरवला तर चौकशी, चौकशीत निलंबन, आणि निलंबनानंतर आयुष्यभर सुचिताचं बोलणं! ते जेट्टीच्या टोकाकडे धावले. लाँच धुक्यात शिरली होती. मागच्या बाजूला त्यांचं जाकीट तेवढं लखलखत लांब लांब जात होतं.

नेमकी तेव्हाच साहेबांची जीप आली. पाठोपाठ संघमित्राही पोचली. हिरामणांचा चेहरा बघून तिने कपाळाला हात लावला.

साहेब अजून जीपमध्येच होते. धुक्यात घरत दिसेनात, म्हणून त्यांनी आपल्या सेटवरून पुकारा केला, "बीट मार्शल घरत, तुमचं लोकेशन द्या."

खरखर झाली. मग उत्तर आलं, "कोन पायजे?"

साहेबांनी सेटकडे बघितलं. "कोण बोलतंय?"

"सगुना."

"सगुणा कोण?"

"आवं तुमी कोन ते सांगा आदी! फोन तुमी लावलाव!"

"मी वरिष्ठ निरीक्षक बोलतोय!"

"बरं. सुकं बोंबील पायजेत का? जवला पन हाय."

तेवढ्यात कुठल्याशा दुसऱ्या बीटवरून कुणीतरी उत्सुकतेने विचारलं, "मावशी, बोंबील मोऱ्याचेच ना?" आणि कंट्रोल रूमचा करडा आवाज मध्येच घुमला, "सर्व बीटना सूचना, मासळीविषयी चर्चा वायरलेसवर करू नये! ...मावशी, जवळा थोडा बाजूला काढून ठेवा."

साहेब जीपमधून उतरले. त्यांनी हिरामणांकडे फक्त बघितलं. त्या बघण्यात चौकशी होती, निलंबन होतं, सगळं होतं.

हिरामणांनी साहेबांचा सेट घेतला. "सगुनाबाय, मी हिरामन हवालदार. जेट्टीवरचा. बाय, ते वाटप नव्हतं गो!"

"आं? मंग 'घ्या घ्या' कोन बोललं?"

"मीच. पन झोपेत."

पलीकडे लाँचभर हशा उसळला. तो सेटमधूनही आला आणि धुक्यातूनही आला.

"हसू नको बाय," हिरामण कळवळून म्हणाले. "माझी नोकरी जाईल गो. तांडेलाला सांग, लाँच मागं फिरव."

"कशी फिरवनार? गालात रुतलीया! ओहोटीला नेहमीचंच हाय तिचं. भरती येस्तवर बसाचं हितंच."

हिरामणांनी खाडीला हात जोडले. गाळाने त्यांची लाज राखली! संघमित्राने एका कोळ्याची छोटी होडी मिळवली, स्वतः तीत चढली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. जाताना तिने जेट्टीवरच्या लोकांना खड्या आवाजात बजावलं, "कुणी काही घेतलं असेल तर घाबरू नका! जे घेतलंय ते आहे तसं आणून ठेवा! आहे तसं!"

बराच वेळ नुसतं पाणी वाजत राहिलं. साहेब पाठमोरे उभे राहून समुद्राकडे बघत होते. हिरामणांना वाटलं, हेही स्वप्न असेल तर किती बरं! मग धुक्यातून आधी वल्ह्याचा आवाज आला, मग जाकिटाची चमक, आणि मग होडीत उभी संघमित्रा. तिच्या पायाशी लाँचवर गेलेलं सगळं सामान होतं. बेडीसकट त्या दोन मुलीही होत्या, कारण किल्ली हिरामणांच्या खिशात होती. सगुणा सेट छातीशी धरून बसली होती.

"घे बाबा तुजा रेडिओ," ती पायरीवर उतरत म्हणाली. "गानी तर लागतच नायत त्यावर. आन साहेब, याला काय बोलू नका. पोलिसांकडनं कायतरी फुकट मिलतंय, हे आमीच खरं मानलं. चूक आमचीच हाय."

साहेबांच्या मिशीचं टोक किंचित हललं. मुलींची सुटका झाली. जेट्टीवरचे लोकही एकेक करत आले आणि गुपचूप वस्तू ठेवून गेले. ताडपत्री पुन्हा भरली. हातमोज्यांना साबणाचा वास येत होता, पण बाकी सगळं धड होतं. बॅगही आली होती. कोपऱ्यात, जरा ओली, सगळ्या चेन नीट लावलेली.

"घरत," साहेब सुस्कारा टाकून म्हणाले, "सेट परत आलाय म्हणून सोडतो. आता आलोच आहे तर दाखवा ती बॅग."

सूर्य धुक्यातून वर आला होता. खाडी चकाकत होती. हिरामणांचा जीव भांड्यात पडला आणि जीव भांड्यात पडताच चित्त पुन्हा ढगात गेलं. त्यांनी बॅग दोन्ही हातांनी उचलून साहेबांपुढे धरली. वजन जरा जास्त वाटलं, पण अभिमानाने छाती फुगलेली असताना वजनाकडे कोण बघतो!

"साहेब, हिची गंमत म्हणजे शोधाशोध नाही. आरोपी समोर आहे, अंधार आहे, नजर हलवायची नाही. नुसता या बाजूच्या कप्प्यात हात घालायचा. बेडी आपण होऊन बोटांत येते! घालून बघा ना, डोळे मिटून!"

बेडी ताडपत्रीवर आहे, हे संघमित्राच्या लक्षात आलं. "दादा..." ती म्हणाली.

पण साहेबांनी डोळे मिटून, चेन ओढून हात घातला होता.

त्यांची आरोळी पार करंजा बंदरापर्यंत ऐकू गेली असावी! हात बाहेर आला तो एका हिरव्यागार, पसाभर चिंबोरीला घेऊन. त्या खेकडीने नांगीत साहेबांची दोन बोटं अशी धरली होती, की हिरामणांच्या उभ्या नोकरीत एवढी घट्ट बेडी कुणालाच लागली नव्हती.

गर्दीतून एक कृश म्हातारा हात जोडत पुढे आला. "साहेब, माझा गोनपाट फाटला व्हता. वाटपात मना ही पिशवी गावली. एकेका कप्प्यात एकेक चिंबोरी घातली. भांडत नायत बगा अजाबात!" मग संघमित्राकडे वळून म्हणाला, "मॅडमच बोल्ल्या, हाय तसं आनून ठेवा. मी हाय तसं आनलं."

सगुणाने पुढे होऊन चिंबोरी मागून धरली आणि साहेबांची बोटं सोडवली. साहेब कितीतरी वेळ बोटांवर फुंकर घालत राहिले. हिरामण खाली मान घालून उभे होते.

"घरत," अखेर साहेब म्हणाले, "बॅग उत्तम आहे."

हिरामणांनी आशेने वर बघितलं.

"आजोबांना देऊन टाका."