माती चाखणारे मुकादम

शिवराम मुकादम रोज सकाळी माती खात. खात म्हणजे अगदी पोटभर नव्हे. पंचायतीच्या बागेत यायचं, चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि बाजूला थुंकून निकाल द्यायचा, "अजून खारी हाय."

मी एकोणीसशे पन्नासनंतर मास्तर म्हणून बेलापुरात आलो, तेव्हा नवी मुंबई हे नावसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं. खाडी, मिठागरं, भातखाचरं आणि मधून जाणारा एक धुळकट रस्ता. त्या रस्त्याच्या कडेला पंचायतीने एक बाग केली होती. बाग म्हणजे काटेरी तारेचं कुंपण, एक पाटी आणि आत मेलेली तीस झाडं. खाडीकडची जमीन, झाडांनी महिनाभरात मान टाकली. पाटी तेवढी टवटवीत राहिली.

मुकादमांनी सारी हयात मिठागरात काढलेली. मीठ चाखून ते मिठागराच्या कुठल्या वाफ्यातलं ते सांगत, अशी त्यांची ख्याती. काम सुटल्यावर त्यांना ही बाग दिसली. "जलमभर मीठ पिकवला," ते म्हणाले, "आता मीठ काढाचा." आणि त्यांनी गावातली सहा माणसं गोळा केली, त्यांच्यासकट आम्ही सात. माझं अक्षर बरं म्हणून मी चिटणीस. किराणा दुकानवाले कासमचाचा म्हणाले, मंडळ म्हणू या. मुकादम म्हणाले, "मंडळात मान लागतो. आपन सोबती. बागेचे सोबती."

सोबत्यांची वर्गणी एकच, रोज दोन कळशा गोडं पाणी आणि शेणाची एक पाटी. चुकेल त्याच्या दारात मुकादम सकाळी जाऊन हाक मारत, "मास्तर, झाडाला ताप आलाय, आन तुमी चहा पीता?" मिठागरात माणसं हाकायची सवय. झाडांनाही ते गडीच म्हणत. "तो कोपऱ्यातला गडी अंग चोरतो."

बागेला आम्ही चारही बाजूंनी बांध घातला. पावसाचं पाणी कोंडायचं, मातीत जिरू द्यायचं, मग खालच्या अंगाला ठेवलेल्या उघडीतून, म्हणजे लाकडी दारातून, खाडीत सोडायचं. पाणी जाताना मीठ घेऊन जातं, हे मुकादमांचं शास्त्र. दोन पावसाळे हे केलं. मग एका सकाळी त्यांनी माती चाखली आणि दोन्ही हात वर केले. "गोरी झाली! लावा झाडा!"

गोरी म्हणजे गोडी, मीठ गेलेली. आम्ही जास्वंद लावली, तगर लावली, कासमचाचांनी कुठूनशी गुलाबाची कलमं आणली. पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. महिन्याने पाटीखाली पुन्हा काड्या उभ्या. येणारे-जाणारे हसायला लागले. सरपंच म्हणाले, "आता पुरे. ही जागा बैलगाड्यांच्या अड्ड्याला देऊ."

मुकादम चार दिवस बागेत आले नाहीत. पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एकटेच चुलीशी होते. "बसा, जेवूनच जावा," म्हणाले. बोंबलाचं कालवण आणि भात. मी साताऱ्याकडचा, मासे इथेच खायला शिकलेला. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अख्खी खाडी आटवून त्या कालवणात ओतली होती. मुकादम मात्र शांतपणे भुरके मारत होते.

परतताना मी बागेत शिरलो. इकडेतिकडे पाहिलं आणि चिमूटभर माती जिभेवर ठेवली. कालवणाची सख्खी बहीण.

मग माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मी सोबत्यांची बैठक बोलावली आणि ठराव मांडला. एकट्या मुकादमांवर किती भार टाकायचा? यापुढे सातही जणांनी माती चाखायची आणि बहुमताने ठरवायचं. कासमचाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "मास्तर, शेवटी आम्हाला माती चारलीत!" सगळे हसले. मुकादम हसले नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाले, "ठराव पास."

बैठकीनंतर ते माझ्याबरोबर चालू लागले. वेशीपाशी थांबले. "कालवनात मीठ जास्त झालेला ना?"

"थोडंसं."

"खोटा नका बोलू. तीन तांबे पानी पिलाव तुमी." मग खाली बघत म्हणाले, "ही गेली त्या साली ताप आला. तवापासून जीभ मेली. कोनाला सांगू? मिठागराचा मुकादम, आन मीठ कलत नाय!"

मी कुणाला सांगितलं नाही. घरी बायकोला सांगितलं, तेवढंच.

सरपंचांकडून आम्ही एक पावसाळा मागून घेतला. मुकादम स्वतः उघडीवर उभे राहिले. पाणी कधी कोंडायचं, कधी सोडायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला येत होतं? पाऊस सरल्यावर सात जण ओळीने उभे राहून माती चाखताना रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. सहा मतं गोडी. मुकादम म्हणाले, "मी बहुमताबरोबर." आधी कण्हेर लावली, मग तगर, मग भीत भीत एक गुलाब. जगली. मग बागेत एक बाक टाकला. त्यावर पहिल्यांदा कोण बसलं म्हणाल, तर सरपंच, आणि उठेचनात.

दर रविवारी मुकादम आमच्याकडे जेवायला येऊ लागले. माझी धाकटी त्यांना शाळेतल्या गोष्टी सांगे, बायको गावाकडच्या. ते एकेक घास तासभर चघळत. एकदा बायकोने न राहवून विचारलं, "मुकादम, चव तर लागत नाही, मग आमचं साधं जेवण तुम्हाला एवढं कसं आवडतं?"

त्यांनी ताटातला भात गोळा केला, तो तसाच ठेवला.

"वैनी, माज्या घरी जेवन लई बेगीन संपता."