सबनीस सरांचा नापास राजा

सबनीस सरांचं एका फ्रेंच राजपुत्राशी हाडवैर होतं. राजपुत्र मरून शंभर वर्षं होत आलेली, पण सरांचा राग ताजा. वाशी तेव्हा नवीकोरी, आमची दारं समोरासमोर. मी भाजी फोडणीला टाकावी आणि पलीकडून आरोळी यावी, "गाढव कुठला!" पाहुणे दचकायचे. मी सांगायची, "घाबरू नका हो, सर इतिहास शिकवतायत."

शिकायला होती माधवी, त्यांची एकुलती लेक, आईविना वाढलेली. उघड्या दारातून ऐकून माझाही धडा पाठ झाला. क्रांतीनं फ्रान्सच्या राजाचं मुंडकं उडवलं, मग नेपोलियन आला, तोही गेला, आणि जुनं घराणं पुन्हा गादीवर. "अठरावा लुई बरा," सर म्हणायचे. "जमवून घेतलं, गादीवरच मेला. काठावर पास! त्याचा भाऊ दहावा चार्ल्स वर्तमानपत्रं बंद करायला निघाला, लोकांनी पळवून लावला. ठार नापास!" मग त्यांच्याच भावकीतला एक बसला, तोही पळाला.

खरा वैरी पुढेच, चार्ल्सचा नातू. "वहिनी, त्यांची लोकसभा आपणहून गादी द्यायला तयार! अट एकच, झेंडा क्रांतीचा तिरंगी ठेवा. हा म्हणतो, आजोबांचा पांढराच हवा!" एवढं झालं की सर दोरीवरचा बनियन ओढून माझ्या नाकासमोर फडकवायचे. "ह्याच्यापायी! राज्य घालवलं ह्याच्यापायी!"

अशा माणसाच्या मुलीनं लग्न ठरवलं ते तळोज्याच्या कारखान्यातल्या मिलिंदशी. पोरगा हिरा. घरचे बौद्ध, मराठवाड्याकडचे. लग्न त्यांच्या रीतीनं, बुद्धमूर्तीसमोर, नवरी पांढऱ्या साडीत. सर म्हणाले, "मुलगा पसंत आहे. पण अंतरपाट, मंगलाष्टकं आणि पिवळी साडी नसेल, तर मी लग्नाला येणार नाही. विषय संपला!" मिलिंदचे वडील बिचारे हात जोडून गेले. माधवी रडून रडून अर्धी झाली. सर ढिम्म.

माझं डोकंच फिरलं. तशीच तरातरा गेले. "सर, गादी समोर मांडलीय आणि तुम्ही झेंड्यावर अडलात! आता स्वतःला किती मार्क देताय, ते सांगा."

सरांनी दार लावून घेतलं. त्यानंतर ना इतिहास, ना आरोळी.

लग्नाच्या आदल्या दुपारी त्यांनीच मला हाक मारली. बघते तर सर फरशीवर मांडी घालून बसलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर माधवीची पांढरी साडी. हातात सुई. सकाळपासून साडीला फॉल लावत होते!

"अहो, हे काय? द्या इकडे. नाहीतर शिंप्याकडे टाका."

"मुळीच नाही," त्यांनी साडी घट्ट धरली. "माधवीची आई असती तर तिनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला असता? मग मीही देणार नाही. पुरी करूनच उठणार. आणि उद्या हॉलवर सगळ्यांच्या आधी मी."

सुई टोचलेलं बोट धोतराला पुसून ते पुन्हा कामाला लागले. शेवटची गाठ मारली, साडी खिडकीच्या उजेडात धरली आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "वहिनी, खरं सांगा. टाके वरून दिसतात का हो?"

टाके चांगले बोटबोटभर होते.

"नाही सर," मी म्हटलं. खोटं नव्हतं. मला तेव्हा काहीच दिसत नव्हतं.