जाणारा माणूस गादी घेत नाही

आखातातल्या आमच्या जुफैरमध्ये कोणी गादी विकत घेतली की तोरसकरभाऊंचा रक्तदाब वाढतो.

आमची इमारत अमेरिकन नौदलाच्या तळाला इतकी चिकटून आहे, की तिकडे कोणी शिंकलं तर इकडे मी रुमाल काढतो. भाऊ माझे शेजारी, मूळचे कुडाळचे, एसी दुरुस्त करणारे. बाल्कनीतलं कबूतरसुद्धा तळाकडून पगार घेतं असा त्यांचा पक्का संशय. त्याच्यासमोर ते फक्त हवामानावर बोलतात.

एकदा खाली बारीक केसांचा एक गोरा टॅक्सीच्या टपावर गादी बांधत होता. भाऊंनी माझं कोपर धरलं.

“बघलंस? टीव्हीवर सांगतत, आम्ही आखातातून निघालो. जाणारो माणूस गादी घेता?”

“पाठ दुखत असेल बिचाऱ्याची.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

मग अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाचा इतिहास सुरू झाला. भाऊंच्या मते तो कुडाळच्या भावकीपेक्षा वेगळा नाही.

“आधी तो म्हणालो, मी बरो नि माझो बांध बरो. मग दुसऱ्यांच्या भांडणात पंच म्हणून इलो. चाय प्यालो. मग म्हणालो, रात झाली, ओटीवर पडतंय, तुमचीच राखण होईल. आता रोज म्हणता, कंटाळलंय, जातंय. पण वळकटी खय गुंडाळता? अरे, आपण ‘येतो’ म्हणून जातो. तो ‘जातो’ म्हणून रवता.”

आणि यंदा भाऊंची एकुलती एक लेक रिया शिकायला निघाली, ती नेमकी अमेरिकेला. भाऊंनी बॅग स्वतः भरली. कोकम, कुळथाचं पीठ, आणि वर कोंबून कोंबून आपल्या आईची गोधडी.

“हिच्यावर नीज,” ते तिला बजावत होते. “थंय गादी घेव नको.”

मुहर्रकच्या विमानतळावर मीच गाडीने सोडलं. रियाला मराठी समजतं, पण तोंडातून इंग्रजीच निघतं. दाराशी ती म्हणाली, “ओके बाबा, आय अ‍ॅम गोइंग.”

भाऊ ट्रॉलीला आडवे झाले. “जाते म्हणू नये. येते म्हण.”

“बट आय अ‍ॅम गोइंग, बाबा.”

“येते म्हण गो.”

मागे रांग खोळंबली. सगळ्या आखाताचं दळणवळण थांबलं म्हणा ना. रियाने बापाला मिठी मारली आणि तिच्या परीने भाषांतर केलं, “ओके. आय अ‍ॅम कमिंग, बाबा.”

काचेचं दार मिटलं. बऱ्याच वेळाने मी किल्ली खुळखुळवली. “यल्ला भाऊ, निघूया.”

भाऊंची नजर दारावरून हलेना.

“थांब रे जरा,” ते म्हणाले. “कमिंग म्हणाली ना ती.”