परबांचा स्पिंडल

आमचे शेजारी परब माणसं किलोवॅटमध्ये मोजतात. सोसायटीचे सेक्रेटरी त्यांच्या मते दीड किलोवॅटचे, "पण अर्धी पॉवर तापण्यातच जाते." मी साडेसातशे वॅट. "कमीच, पण सलग चालतोस, कांबळे."

परब कारखान्यात मेन्टेनन्सला होते. आता निवृत्त, एकटेच राहतात. बोरीवलीच्या त्या वन-बीएचकेत त्यांनी लाकूड कोरायचं सीएनसी मशीन स्वतः बांधलं. कॉम्प्युटर सांगेल तशी सरकणारी लोखंडी चौकट. फक्त स्पिंडल, म्हणजे कटर गरगर फिरवणारी मोटर, घ्यायची राहिली होती. त्यात चार महिने गेले.

"दोन पॉइंट दोन किलोवॅटच घेणार. सागवानाला दम लागतो."

मी हिशेब मांडला. काम दारावरच्या पाट्यांचं. कटर तीन मिलिमीटरचा, एका फेरीत दोन मिलिमीटर खोल. त्याला आठशे वॅट भरपूर झाले. शिवाय मोठा स्पिंडल जड, तुमची चौकट लचकेल.

"तू पंगतीतसुद्धा आमटी वाटीने मोजून घेशील."

खरी काळजी मी बोललोच नव्हतो. त्यांची आणि माझ्या आईच्या खोलीची भिंत एकच. आई अंथरुणाला खिळलेली, रात्री तिला झोप नाही. सकाळी दहा ते बारा काय तो डोळा लागतो. सोसायटीने मशीनला नेमकी तीच वेळ दिली. आणि पंख्याने थंड होणारा मोठा स्पिंडल नुसता किंचाळतो.

एके दिवशी साडेअकराला परब दारात. मी घरूनच काम करतो.

"आठशेचा आणला. पाण्याने थंड होणारा. चालू ठेवून आलोय, लाकूड न लावता हवेतच फिरतोय."

सरळ आत जाऊन ते आईच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले. कान भिंतीकडे, डोळे आईच्या चेहऱ्यावर. पलीकडून बारीक गुणगुण येत होती. आई गाढ झोपलेली.

"सागवानाला दम लागतो ना?" मी हळूच विचारलं.

"गप बस. जागी होईल ती."

बाराला आईने डोळे उघडले. "परबा, जेवलास का रे?"

परब म्हणाले, "नाही, माई."

त्या दिवशी ते आमच्याकडे वरणभात जेवून गेले. तेव्हापासून रोज साडेअकराला येतात, आवाज तपासायला. काल ते आईजवळ बसलेले असताना मी भिंतीला कान लावून पाहिला. मशीन बंद होतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला दोन पोळ्या जास्त करायला सांगितल्या.