विज्ञान इमारतीचं धुराडं

न्यू एफ्राइम ख्रिस्ती विद्यापीठाला नवी विज्ञान इमारत हवी, याबद्दल आयोवाच्या त्या कोपऱ्यात कोणाचंही दुमत नव्हतं. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा जुन्या इमारतीच्या तळघरात होती, आणि विषारी वाफा ओढून बाहेर टाकणारं तिथलं कपाट गेली कित्येक वर्षं नुसताच आवाज करत होतं. मागच्या सत्रात दोन मुली चक्कर येऊन पडल्या. त्यातल्या एकीला बेशुद्धीत प्रकाश दिसला, म्हणून चॅपलमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात, देवाच्या अनुभवाची तिची साक्ष ठेवण्यात आली. कपाट मात्र दुरुस्त झालं नाही.

म्हणून रसायनशास्त्राच्या प्रा. वर्ना हाउटस्मा यांनी इमारत समितीवर जायचं कबूल केलं. निवृत्तीआधी मुलांना धडपणे श्वास घेता येईल अशी एक खोली व्हावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

समितीची एक रीत होती. तिथे 'नाही' हा शब्द कोणी उच्चारत नसे. फार तर 'यावर आपण प्रार्थना करू या' म्हणत, आणि त्यानंतर तो विषय पुन्हा कोणी काढत नसे.

पहिल्या बैठकीत वास्तुविशारद टॉडने नकाशा उलगडला. वाफा बाहेर नेणारं धुराडं छतावर ताठ उभं होतं.

"हे आपल्या चॅपलच्या क्रुसाहून उंच दिसतंय," विद्यापीठाचे अध्यक्ष डॉ. डेल रोझेंडाल हळूच म्हणाले.

"उंच नसेल तर वाफा खिडक्यांतून परत आत येतील," वर्नाबाई म्हणाल्या.

"अगं, खरंय तुझं. पण गाव काय म्हणेल? देवाच्या डोक्यावर धुराडं?"

प्रार्थना सुरू व्हायच्या आत टॉडने तोडगा काढला. धुराड्याभोवती घंटाघर बांधायचं. विज्ञानाची सोय होईल आणि लोकांना दिसेल धर्म. ठराव सर्वानुमते संमत झाला. वर्नाबाईंनी तर आनंदाने सगळ्यांच्या आधी हात वर केला.

पुढच्या बैठकीला ग्लॅडिस ब्रुनिंग आल्या. त्यांचे यजमान हॅरॉल्ड डुकरांच्या खाद्याचा कारखाना मागे ठेवून प्रभूकडे गेले होते, आणि इमारतीची मुख्य देणगी बाईंची होती. शिवाय बटाट्याच्या गोळ्या घालून भाजलेला हॉटडिश त्या सगळ्यांसाठी घेऊन आल्या होत्या. खाल्ल्या अन्नाला जागायचं म्हटल्यावर विरोध करणार कोण?

"घंटाघर आहे आणि आत घंटाच नाही?" त्या म्हणाल्या. "माझ्या हॅरॉल्डच्या नावाने खोटं काही उभं राहायला नको हं."

खोटेपणाचा आरोप ख्रिस्ती विद्यापीठाला परवडणारा नव्हता. घंटा मंजूर झाली. मग टॉडने कळवलं, की आम्लाच्या वाफांनी घंटा वर्षभरात काळवंडेल.

"वाफा जरा कमी करता येतील का गं, वर्ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"डॉक्टर, वाफा मी सोडत नाही हो. आम्ल सोडतं."

"तुझ्या तळमळीबद्दल देवाचे आभार. यावर आपण प्रार्थना करू या."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. वर्नाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण डोळे मिटून बसलेल्या माणसांवर ओरडायचं कसं? त्यातून ग्लॅडिसबाई दर रविवारी चर्चमध्ये त्यांच्याच बाकावर बसत. शेवटी 'आमेन' वर्नाबाईंच्याही तोंडून निघाला, आणि घंटा काळवंडू नये म्हणून धुराडं सर्वानुमते रद्द झालं.

धुराडं नाही म्हटल्यावर नियमाप्रमाणे कपाट बसवता येईना. कपाटाविना आम्ल वापरता येईना, आणि आम्लच नसेल तर प्रयोगशाळेचं करायचं काय? त्या जागी 'श्रद्धा-विज्ञान संवाद दालन' झालं. भलीमोठी काचेची भिंत, मऊ सोफे, कॉफीचं यंत्र. रसायनशास्त्र तूर्तास जुन्या तळघरातच राहिलं.

उद्घाटनाला घंटा फार सुरेल वाजली. त्या साली प्रवेशासाठी झुंबड उडाली.

एक दिवस ओमाहाहून एक जोडपं मुलीला घेऊन विद्यापीठ बघायला आलं. मुलीला औषधांवर संशोधन करायचं होतं. वर्नाबाईंना राहवलं नाही.

"जरा जुन्या तळघरात येऊन प्रयोगशाळा बघता का? खरंच बघा. पोरीला तिथेच दिवस काढायचेत."

"नको हो बाई, उशीर होतोय," आई दालनाच्या काचेवर हात फिरवत म्हणाली. "आणि काय इमारत आहे! आमचं ठरलं. हिला इथेच घालायचं."

हसताय? तुमच्या मुलाच्या कॉलेजच्या चकचकीत प्रवेशदालनातला फोटो तुम्ही साऱ्या नातेवाइकांना पाठवलात. तिथली प्रयोगशाळा कितव्या मजल्यावर आहे, तेवढं सांगा पाहू.